ज्या घरी प्रस्थान ठेवलं

मी स्पेनला जाऊन आलो नाही, हे ज्याला माहीत नाही असा माणूस सौंसरमध्ये सापडणं कठीण. तरीही लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मुद्दाम विचारतोच, "काय भाऊ, स्पेन कसं आहे?" मीही वाढप्याला थांबवून ठेवतो आणि सांगतो, की स्पेन पांढुर्ण्यात एका खिडकीच्या आत आहे. बाहेरून लख्ख दिसतं, गजांमधून हात घातला तर चार बोटं कमी पडतात. लोक हसतात, माझी काही तक्रार नाही. त्या पंगतीत एक माणूस मात्र पानावरची मान वर करत नाही. ही हकीकत त्याची आणि माझी आहे.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. बोरगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग. संत्र्याचं झाड लाड करून फुलत नाही. थंडीत त्याचं पाणी बंद करायचं, त्याला तहानेनं रडकुंडीला आणायचं, आणि आता हे मरतं की काय असं वाटलं की पाणी सोडायचं. मग ते झाड असं काही फुलतं की बागेत शिरलेला माणूस दोन दिवस अंगाला वास घेऊन फिरतो. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. ताण सगळेच देतात, पण तो कधी तोडायचा यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं. कोणी दिवस मोजतो, कोणी खाली पडलेली पानं. दिवस मोजणारे हमखास फसतात, कारण हलक्या जमिनीतलं झाड वीस दिवसांत माना टाकतं आणि काळ्या जमिनीतलं दीड महिना ढिम्म उभं राहतं.

मला एक खूण सापडली होती. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, वडिलांनीही सांगितली नव्हती. पंधरा वर्षं झाडांपुढे उभं राहून माझी मलाच सापडली होती, आणि तेव्हापासून आमच्या बागेचा बहार एकदाही चुकला नव्हता.

माझा एक दोस्त पांढुर्ण्याच्या कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायचा. अकरावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे तो शिकत गेला आणि मी बागेत गेलो. रविवारी तो सौंसरला यायचा, बांधावर बसून मला प्रश्न विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. एक दिवस म्हणाला, "लेका, दिल्लीची एक संस्था संत्रावाल्या शेतकऱ्याईले स्पेनला नेऊन राहिली. जगभरातले लोक येणार आहेत. तू सांग, मी इंग्रजीत लिहितो."

त्यानं लिहिलं, टाईप करून आणलं, एक प्रत दिल्लीला पाठवली. सगळं होतं त्यात: पाणी कधी बंद करायचं, वखर किती खोल घालायचा, खत कधी. फक्त ती खूण मी त्याला सांगितली नाही. "ताण कधी तोडायचा ते काय लिहू?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लिही, की हे बोलणारा तिथं उभा राहून स्वतः सांगीन."

"मले तरी सांग बे."

"तुलेही तिथून आल्यावर सांगतो."

तो हसला, पण वही जरा जोरात मिटली. मी तेव्हा ते पाहिलं आणि सोडून दिलं. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. मोठी सभा, समोर गोरे लोक कानाला यंत्र लावून बसलेले, आणि सौंसरचा एक शेतकरी माईकसमोर मुद्दाम घसा खाकरत त्यांना दोन मिनिटं ताटकळत ठेवतोय. एवढ्यासाठी मला स्पेनला जायचं होतं. देश पाहायची हौस मला नव्हती. माझ्या तोंडून एक गोष्ट चार जाणत्या माणसांनी ऐकावी, एवढंच होतं.

दिल्लीहून फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: तुम्हाला येणं जमलं नाही तर तुमच्या जागी कोण? त्यात दोस्ताचं नाव मी स्वतःच्या अक्षरात, छाती फुगवून लिहिलं. पासपोर्टही दोघांनी एकदमच काढले. संस्थेनं दोघांचेही व्हिसा करून ठेवले. विमानाचं तिकीट दिल्लीला गेल्यावर हातात मिळणार होतं.

निघायचा दिवस मंगळवार आला. पांढुर्ण्याहून साडेअकराला दिल्लीची गाडी. हे ऐकताच मायनं सूप खाली ठेवलं.

"मंगळवारी उत्तरेकडं जाशीन? डोकं फिरलं काय तुहं?"

"माय, गाडी सरकारची आहे. ती काय मुहूर्त पाहून सुटते?"

"गाडीले जाऊ दे तिच्या वारानं. तू प्रस्थान ठेव."

आमच्याकडे प्रस्थान ठेवायची रीत आहे. जायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वारी आपलं सामान घराबाहेर काढून जायच्या वाटेवरच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे देवाच्या दप्तरी आपण त्या दिवशीच निघालो. मग खऱ्या दिवशी त्या घरून सामान उचलायचं आणि पुढे जायचं. दोन अटी असतात. एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नाही, आणि ज्याच्या घरी ठेवलं त्यानं ते स्वतःच्या हातानं द्यायचं.

सामान म्हणून लोक एखादं धोतर ठेवतात, सुपारी ठेवतात. पण मायचं म्हणणं, प्रवासात जे मुख्य तेच पुढे गेलं पाहिजे. तिनं माझी अख्खी बॅग भरली. कपडे, चिवडा, लिंबाचं लोणचं, तो टाईप केलेला कागद आणि सगळ्यांच्या मध्ये सुपारीशेजारी पासपोर्ट. कोणाच्या घरी ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. शनिवारी मी बॅग घेऊन पांढुर्ण्याला गेलो. दोस्ताचं घर जाम नदीच्या बाजूला, मागच्या दारातून पलीकडचं सावरगाव दिसतं. वहिनींनी पाट मांडला, बॅगेला हळद-कुंकू लावलं. दोस्तानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बिनघोर राह्य. मंगळवारी ये, माह्या हातानं देतो."

मंगळवारी मी आणि मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, असे दोघं निघालो. गळ्यात शेवंतीचा एवढा मोठा हार, की कंडक्टरनं मला नवरदेव समजून पुढची सीट रिकामी केली. मंगळवार असल्यामुळे बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी गच्च भरली होती. तिनं वाटेत अर्धा तास खाल्ला. दहाला आम्ही दोस्ताच्या दारात.

दाराला कुलूप.

शेजारच्या काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "सर तं कालच गेले नं भाऊ. बाईले माहेरी धाडलं आन् ते दुपारच्या गाडीनं गेले."

"कुठं गेले?"

"तुमच्याच कामानं चाललो म्हणत होते."

माझा जीव भांड्यात पडला. दादाला म्हटलं, "पाहा, याला म्हणतात दोस्ती. माझ्यासाठी नागपूरला गेला असेल. काहीतरी आणायचं राहिलं असेल. सकाळच्या गाडीनं येतोच."

दादानं कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "किल्ली ठेवून नाही गेला?"

"प्रस्थान हातानं द्यायचं असते दादा. किल्ली कशी ठेवीन तो?"

अकरा वाजले. नागपूरकडून एक गाडी आली, गेली. मी रस्त्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. जो दिसेल तो लांबून मला दोस्तच वाटायचा. परत येऊन खिडकीतून आत पाहिलं. देव्हाऱ्याखाली पाटावर माझी बॅग बसलेली, कपाळाला कुंकू लावून. तिच्या नि माझ्या मध्ये पाच-सहा हात जागा आणि लोखंडाचे गज.

"कुलूप तोडू," मी म्हटलं.

"प्रस्थानाचं कुलूप तोडून परदेशी जाशीन?" दादा ओरडला. "मायले काय सांगू मी?"

"माह्या डोळ्यासमोर नका तोडू बावा," काकूंनी हात जोडले. "उद्या चोरी झाली म्हणतीन तं मीच साक्षीदार."

मग काकूंनाच सुचलं. त्यांच्याकडे शेवग्याच्या शेंगा तोडायची आकडी होती, लांब बांबूला पुढे वाकडं लोखंड. आम्ही ती गजांमधून आत घातली. गल्ली जमली. दोन म्हातारे उकिडवे बसून सूचना देऊ लागले. "डावीकडं घ्या." "पट्ट्यात अडकवा, पट्ट्यात!" "पाट पाडसान बे!" तिसऱ्या खेपेला बॅगेचा पट्टा अडकला आणि ती जमिनीवरून घासत खिडकीखाली आली. वर ओढली तर गजांतून निघेना. शेवटी चेन उघडून मी एकेक वस्तू बाहेर ओढली. सदरा आला, पायजमा आला, टाळ्या पडल्या. पासपोर्ट आला तेव्हा एका म्हाताऱ्यानं तो कपाळाला लावून माझ्या हातात दिला. रिकामी बॅग गजांना लटकत राहिली. काकूंनी एक जुनी चादर दिली, तिच्यात सगळं घालून दादानं गाठोडं बांधलं.

"चालते," दादा म्हणाला. "हात नाही लावला, आकडीनं घेतलं. मायले एवढंच सांगू."

मी गाठोड्यात परत परत हात घालत होतो. टाईप केलेला कागद नव्हता.

"कागद नाही रे."

"मग?"

"तपासायला घेतला असेल त्यानं. चूक राहू नये म्हणून."

आज लिहिताना मला माझीच कीव येते. त्या क्षणी मात्र मला भरून आलं होतं. किती करतो आपल्यासाठी, असं वाटलं होतं.

गाडी पाऊण तास उशिरा आली म्हणून मिळाली. मी त्याला शुभशकुन समजलो. डब्यात शिरलो तर समोरच्या बाईंनी गाठोडं पाहून विचारलं, "चादर धोने का क्या लेते हो भैया?" मी हार काढून खुंटीला लावला आणि मान वर करून सांगितलं, की मी स्पेनला चाललो आहे. डबाभर लोक माझ्याकडे पाहू लागले. त्या बाईंनी आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. लोणच्याची बरणी इटारसीच्या आधीच फुटली आणि परिषदेत घालायचा पांढरा सदरा पिवळा झाला. तरी मी आनंदात होतो. डोळे मिटून माईकसमोरचं घसा खाकरणं पाठ करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच सदरा घालून दिल्लीत त्या संस्थेचं ऑफिस शोधत गेलो. टेबलामागे एक चष्मेवाले बाबू. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी फाईल उघडली, माझ्याकडे पाहिलं, परत फाईलकडे पाहिलं.

"आप तो बीमार हैं."

"मैं?"

"जी. बहुत बीमार हैं. चल-फिर नहीं सकते."

त्यांनी तार काढून माझ्यासमोर ठेवली. पांढुर्ण्याहून, शनिवारी संध्याकाळी केलेली. खाली माझं नाव. मी आजारी आहे, प्रवास शक्य नाही, माझ्या जागी अमुक येत आहेत. माझी बॅग पाटावर ठेवून, वहिनींच्या हातचा चहा पिऊन मी सौंसरची बस पकडली, त्यानंतर त्यानं पोस्ट गाठलं असणार.

"वो कहाँ हैं?" मी विचारलं.

"वो तो कल ही उड़ गए. एक दिन पहले की सीट खाली थी, उन्होंने ही कहा, भेज दीजिए."

बाबू चांगला माणूस होता. त्यानं मला पाणी दिलं. मग माझ्या पिवळ्या सदऱ्याकडे, गाठोड्याकडे पाहून हळूच म्हणाला, "भाई साहब, आपको सचमुच आराम की ज़रूरत है."

मी तिथल्या बाकावर तासभर बसलो. मला विमान गेल्याचं काही वाटत नव्हतं. मी आठवत होतो, शनिवारी त्यानं खांद्यावर हात ठेवला तो डावा की उजवा.

परत आलो तेव्हा पांढुर्ण्याच्या स्टेशनवरचा हमाल म्हणाला, "एवढ्यात आले? विमान लय जोरात पळते काय?" मी त्यालाही हो म्हटलं. मायनं काही विचारलं नाही. आकडीचं तिला दादानं सांगितलंच होतं, आणि सगळा दोष आकडीचा हे तिनं ठरवून टाकलं होतं. मला ते बरंच वाटलं. तिच्या मते माझा दोस्त देवमाणूस राहिला.

पंधरा दिवसांनी दोस्त स्पेनहून परत आला. मी पांढुर्ण्याला गेलो. माझी बॅग त्यानं परत पाटावर ठेवली होती, रिकामी. मी बसलो. त्यानं संत्र्याचं चित्र असलेली एक दिनदर्शिका माझ्यापुढे सरकवली.

"तार काहून केली?" मी विचारलं.

"तुझ्या भल्यासाठी." तो शिकवल्यासारखा बोलायला लागला. "तुले दोन वाक्यं इंग्रजी येत नाही. तिथं उभा राहिला असता तं सगळे हसले असते. तुह्या इज्जतीची मले काळजी होती. लेख मी लिहिला, टाईप मी केला. वाचायला तू?"

"मग सरळ सांगायचं होतं. मी म्हटलं असतं, जा तू."

"नसतं म्हटलं."

हे खरं होतं. मी दिनदर्शिका उलटी ठेवली. मग विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"एका शेतकऱ्यानं हे पाहिलं, असं म्हटलं. दहाच मिनिटं होती."

"कोणी काही विचारलं?"

तो उठला, पाणी प्यायला, उगाच खिडकी लावली. मग माझ्याकडे पाठ करून बोलला. एक म्हातारा स्पॅनिश बागाइतदार उठला होता. त्यानं लेखाचं शेवटचं पान वर धरलं. ताण कधी तोडायचा ते बोलणारा इथं स्वतः सांगेल, असं लिहिलंय, तर सांगा.

"मग?"

"मी म्हटलं, तीस दिवसांनी."

"काळ्या जमिनीत?"

"मले काय माहीत!" तो एकदम वळला. डोळे लाल. "त्यानंही हेच विचारलं. सगळे थांबले होते. तू मले सांगितलं असतं तं? तीस वर्षांचा दोस्त मी, आन् एक गोष्ट तू माह्यापासून राखून ठेवली. मीच दगा दिला काय फक्त?"

कोणी तोंडात मारावी तसं झालं. मी घरून पाठ करून आणलेल्या शिव्या होत्या, चांगल्या वजनदार. एकही आठवली नाही.

मग तो खाली बसला आणि खिशातून एक कागद काढला. त्या म्हाताऱ्यानं स्वतःचा पत्ता लिहून दिला होता. घरी जाऊन त्या शेतकऱ्याला विचारा आणि मला कळवा, म्हणाला होता. माझ्या दोस्तानं टेबलावरून पेन घेतलं, टोपण काढलं. "सांग आता. लिहितो."

"पत्ता मला दे. मीच लिहीन."

"तुले लिहिता येते?"

"कोणाकडून लिहून घेईन."

"कोणाकडून? सगळ्या पांढुर्ण्यात माझ्याशिवाय..." त्याचं त्यालाच पुढे बोलवलं नाही. पण कागद त्यानं परत खिशात घातला. मीही बॅग उचलली आणि निघालो. पायऱ्यांवरून त्यानं हाक मारली असं वाटलं, पण मी वळलो नाही.

त्यानंतर तीन बहार येऊन गेले. आम्ही बोलतो. छोट्या गावांत न बोलून भागत नाही, त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला फळं आमच्याच बागेतली होती. दर डिसेंबरात, बाग ताणावर असली की तो एकदा येतो. साडेनऊच्या बसनं, इस्तरीचा शर्ट घालून. झाडांमधून हिंडतो, पानं हातात घेऊन पाहतो, आणि मी काही म्हणतो का याची वाट पाहतो. मी चहा देतो. त्या वेळेला पाहून काही कळणार नाही, हेसुद्धा मी सांगत नाही. तोही पत्त्याचं नाव काढत नाही. मग तो बारा-साडेबाराच्या बसनं जातो. पहिल्या वर्षी मला त्याला असा हात हलवत परत पाठवताना भलती मजा आली होती. दुसऱ्या वर्षी थोडी कमी. यंदा तो जात असताना मला तो तिसराच माणूस आठवत राहिला, जो दर वर्षी आणखी म्हातारा होत चालला असेल, आणि ज्याच्याशी आमच्या दोघांचंही काही वैर नाही. सबंध सभेत माझं बोलणं ऐकायला एकटा तोच उभा राहिला होता, आणि त्यालाच आम्ही दोघांनी ताटकळत ठेवलंय.

म्हणून इथं सांगून टाकतो. दुपारी सगळीच झाडं पानं मिटून घेतात, ते खरं धरू नये. उजाडायच्या आधी बागेत जावं. त्या वेळी पान सरळ असलं तर झाडाजवळ अजून पाणी आहे, थांबावं. सारी रात्र गेल्यावरही पान मिटलेलंच असलं, तर ताण पुरता झाला. त्याच दिवशी पाणी सोडावं. जमीन कुठलीही असो.

माझा दोस्त हे वाचेल. माझं छापून आलेलं एक अक्षर तो सोडत नाही. वाचून झाल्यावर पेन घेईल, पत्ता काढेल आणि त्या म्हाताऱ्याला चांगल्या इंग्रजीत पत्र लिहील. खाली नाव स्वतःचंच घालेल, याबद्दल मला शंका नाही.